घड्याळ सुखरूप आहे

सांगली,
ता. १९ सप्टेंबर १९७४

ती. भाऊसो दाजींस,
नाथाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. आक्काचे गुडघे काय म्हणतात? तुमचं घड्याळ सुखरूप आहे, हे आधीच लिहितो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

बॉयलरच्या परवान्याचा लेखी पेपर आज झाला. जागा शाळेची, बाक चौथीच्या पोरांचे. गुडघे हनुवटीला लावून लिहिलं.

तुम्ही मिलिटरी पद्धतीनं वेळ वाटून दिली होती: अवघड आधी, येतंय ते शेवटी. तसंच केलं. घड्याळ समोर ठेवलं. सेफ्टी व्हॉल्व्हनं घाम काढला, पण निभावलं. एक प्रश्न मात्र ताटातल्या गोडासारखा राखून ठेवला होता: पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर बॉयलरवरच्या माणसानं काय करावं? दाजी, हे मी झोपेतही सांगेन. एकदा केलंय, म्हणून तर कारखाना जागेवर आहे.

इथली वांगी फार छान. आक्कासाठी घेऊन येतो.

तर झालं असं, की त्या प्रश्नाचा आकडा घातला आणि जवळच्या गिरणीचा भोंगा झाला. मी उठलो. पेपर टेबलावर ठेवला आणि नळावर हातपाय धुवायला गेलो. भोंगा झाला की पाळी संपली. इतक्या वर्षांत कानांना दुसरं काही शिकवलेलंच नाही. तोंडावर पाणी मारतोय तोच देखरेखीवरचे मास्तर मागून आले.

"आवं पाव्हणं, घड्याळ इसरलासा."

घेतलं.

"आन् अर्धा तासबी."

"मास्तर, पुन्यांदा बसतो की. येकच प्रश्न हाय."

"पेपर दिला म्हंजे दिला. यवडी कसली घाई हुती?"

काय सांगू? गिरणीनं बोलावलं म्हणू?

हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडायच्या आत ज्याच्याकडं परवाना येणार नाही त्याला बॉयलरवर उभं करायचं नाही, असा यंदा हुकूम आहे. म्हणजे मी खाली गव्हाणीवर ऊस ढकलणार, आणि ज्याला मी भट्टीत चिपाड टाकायला शिकवलं तो माझ्या हाताखालचा गुंडा वरून ओरडणार, "तात्या, चिपाड कमी येतंया, हात चालवा की!" तेही मान राखून ओरडेल. पोरगं चांगलं आहे, तेच वाईट.

आमच्या घरी तानुबाईला यातलं काही कळवू नका. तिनं म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोललाय. देवाला कशाला तोंडघशी पाडायचं?

उद्या तोंडी परीक्षा. मास्तर म्हणाले, लेखीत गेलेलं कधीकधी तोंडीत भरून निघतं. साहेबांनी काचेतल्या पाण्याचंच विचारावं, बाकी मी बघतो. भोंगा मात्र उद्याही होणारच. कानात कापूस घालावा, तर साहेबांचा प्रश्नच ऐकू यायचा नाही. तेव्हा खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसायचं ठरवलंय. खुर्चीला हात असू देत, एवढं देवापुढं म्हणा.

आजच्यापुरता बॉयलरवरचा,
नाथाजी