मला गोदामात सीलबंद केलं त्याची हकिकत

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार, तोही वाकून. कंबर अजून वाकते, हे आधीच सांगून ठेवते. वहिनीच्या गुडघ्यांना उतार पडला का? तुझे नवे दात बसले का? माझ्या तब्येतीची चौकशी तू एका पत्रात तीनदा केलीस आणि चौथ्या वेळी सरळ लिहिलंस की पीक यायच्या आत गोदामाच्या किल्ल्या जावईबापूंना देऊन टाक. (तुझ्या या जावयांनी धान्य साठवणुकीचा कोर्स केला आहे. सहा आठवड्यांचा. मी अठ्ठावीस वर्षांचा केला, पण सर्टिफिकेट कोणी दिलं नाही.) उत्तर देते: देणार नाही. आता मंगळवारची हकिकत माझ्याकडूनच ऐक, म्हणजे दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

गोदाम रिकामं झालं की पहिलं काम झाडलोटीचं. फळ्यांखाली जुनं धान्य मूठभर जरी राहिलं, तरी त्यातले किडे नव्या पोत्यांच्या स्वागताला तयार बसतात. शाळेत मोठ्या सिस्टर बाकाखालून पांढरा रुमाल फिरवायच्या आणि तो मळला की आम्हा मुलींना पुन्हा सगळं पुसायला लावायच्या. मी रडत घरी यायचे आणि फाटकापाशी तू थांबलेला असायचास. आता तसाच रुमाल मी तुळयांवरून फिरवते. "बाई, हे गोदाम आहे, दवाखाना नाही," असं म्हणत मुकादम पुन्हा झाडू उचलतो. बावीस वर्षं हेच म्हणतोय, आणि बावीस वर्षं झाडतोय.

दुसरं काम छपराची भोकं शोधण्याचं. त्याला यंत्र लागत नाही. भर दुपारी सगळी दारं लावून आत अंधारात बसायचं आणि पत्र्यातून जिथे जिथे ऊन पडतं तिथे जमिनीवर खडूने फुली मारायची. दर वर्षी मी मुकादमाला सांगून बसते. या वर्षी सांगायचं राहिलं. (ही माझी चूक. या पत्रात एवढी एकच कबूल करणार आहे.) तो जेवून आला, दारं बंद दिसली, आणि बाईंनी किड्यांच्या विषारी गोळ्या ठेवल्या असं समजून त्याने कुलूप दाबून लावलं (किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे आत), फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कवटीची पाटी टांगली. मी फुल्या मारण्यात इतकी रमले होते की मला पत्ताच नाही. गोळ्या अजून दुकानातच होत्या, म्हणून तुला हे पत्र येतं आहे.

दार उघडेना, तेव्हा कळलं. हाक मारणार, तेवढ्यात बाहेर जावईबापूंचा आवाज! (येणार असल्याचं त्यांनी कळवलं नव्हतं. तूही कळवलं नाहीस.) पावलांनी गोदामाची लांबी मोजत ते मुकादमाला सांगत होते, आत्याबाई आता थकल्या, यंदापासून मीच बघणार. मी तोंड मिटून घेतलं. मुकादम म्हणाला, "थकल्या तर आम्हाला कळेल, साहेब. आधी ओरडायच्या थांबतील."

दादा, तेव्हा मी ओरडले.

विषाच्या गोदामातून माणसाचा आवाज आल्यावर जावईबापू नाक दाबून जे पळाले, ते रस्त्याच्या टोकाला टपालपेटीपाशी थांबले. मुकादमाने ओलं फडकं तोंडाला बांधलं, पहारीने कुलूप तोडलं, आणि आत विष आहे अशी पुरती खात्री असताना धावत येऊन मला उचललं. अरे, गोळ्या आणल्याच नाहीत, असं मी सांगत होते. तो ऐकेल तर शपथ. उन्हात मला खाली ठेवून आधी तो रडला आणि मग असा भडकला की बावीस वर्षांत पहिल्यांदा तो ओरडला आणि मी गप्प बसले.

तेव्हा किल्ल्या कुठे राहणार ते तूच ठरव. म्हणजे मी ठरवलं आहे, तू फक्त हो म्हण. जावईबापूंना आशीर्वाद. त्यांची एक चप्पल इथे राहिली आहे.

तुझी,
हट्टी बहीण

ता. क. – छपराखाली मी अकरा फुल्या मारल्या होत्या. नंतर मुकादमाने बसून सव्वीस मारल्या. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एक पुढच्या शुक्रवारीच काढायचा. तर जावईबापूंना तीन आठवडे पाठव. जुने कपडे आणायला सांग. मुकादमाच्या हाताखाली राहावं लागेल.

पुन्हा ता. क. – शुक्रवारी तू येशील का? घाबरत नाही मी. पण डोळ्यावर पट्टी असली की शेजारी कोण बसलंय हे आवाजावरूनच कळतं, आणि मुकादम दवाखान्यात एक शब्द बोलत नाही. तू नुसता खोकलास तरी पुरे.