सातावर थांबणारी चक्री

रत्नागिरी, मार्च २००१

हेमंतराव,

जत्रेतल्या भागोजीची आकड्यांची चक्री तासून नीट करून द्यायची तुम्हाला काय गरज होती? एका बाजूला जड होती, म्हणून ती सातावर थांबायची. मी सातावर पैसे लावून चौथीतली कविता मनात म्हणायचो; तिसरं कडवं संपता संपता सात यायचा. दर जत्रेत स्टीलचं एक ताट जिंकायचो.

काल जेवताना तुम्ही म्हणालात, "अण्णा, कुणी लबाड म्हातारा त्या गरिबाला दरवर्षी लुटत होता."

"काय एकेक माणसं असतात," म्हणत मी तुम्हाला आमटी वाढली.

तुमच्या लग्नात अपूर्वाला दिलेली सहाही ताटं त्या सातानंच दिलीत. वर हौसेनं तुमचं नाव कोरून घेतलंय. हे पत्र धाडत नाही. जावईबापू, तुम्ही त्या ताटांतच सुखानं जेवा.

तुमचा सासरा,
अण्णा