अंतरपाटाआधीचा थकवा

मी, चंद्रभान राधाकिशन कच्छवे, वय वीस, धंदा शेती, राहणार मौजे चुडावा, जिल्हा परभणी, हे सांगतो आणि दिनकरराव मास्तर लिहून घेतात. माझी अक्कल जागेवर आहे, अंगात मात्र काही उरलेले नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेले नाही. एका दमात बोलवत नाही म्हणून वाक्ये तुटतील. मास्तरांनी ती सांधू नयेत.

१. वडील वारल्यावर माझ्या नावावर झालेले विहिरीकडचे रान माझ्या पश्चात माझी पत्नी पारूबाई हिचे. तिने कसावे, बटईने द्यावे किंवा विकावे. घरात माझी आई छबूबाई हिने शेवटपर्यंत राहावे, पण पारूबाईला तिथून कोणी काढू नये.

२. हे का लिहावे लागते, ते सांगतो. आई म्हणते, "ही पांढऱ्या पायाची आली अन् माझ्या लेकराला गिळायलीय." हे खोटे आहे. आई, साफ खोटे. लग्नाच्या आदल्या साली कापूस मानवतच्या बाजारात नेताना मी गाडीमागे रस्त्यातच बसलो आणि उठता येईना. हुतुतूत चौघांना न आवरणारा मी, मला भरलेला तांब्या उचलेना. झोपून उठलो तरी निजण्याआधी होतो तितकाच मेलेला. घास चावताना जबडा थकतो. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. याला आळस म्हणतात काय? सगळ्यांनी म्हटला. "उठा की नबाबसाहेब" म्हणणाऱ्या भावकीला मी माफ केलेले नाही, करणारही नाही. लिहा मास्तर, हेही लिहा.

३. मग मामांनी, सूर्यभानरावांनी, तोड काढली, "लगीन करून टाका, आपोआप हातपाय हलवायला लागंल." दवाखान्याऐवजी मला मांडवात नेले. रिवाजाप्रमाणे मामा पाठीशी उभे होते. मंगलाष्टके चालू असतानाच माझे गुडघे गेले. मामांनी मागून कमरेला धरून मला शेवटच्या अक्षतेपर्यंत उभे ठेवले. समोर अंतरपाट होता. पारूने मला अजून धड पाहिलेही नव्हते. मग तिच्या पायाचा दोष आला कुठून? मामा, माझे वजन तुमच्या हातांना ठाऊक आहे. आईला तुम्ही आजवर का सांगितले नाही?

४. सायकल माझा मित्र सुग्रीव याला. तो रोज येतो, गप्प बसतो, जातो. बोलणाऱ्यांनी मला फार दमवले. लग्नातला कोट कोणालाही द्या, माझ्या डोळ्यांपुढून न्या म्हणजे झाले.

५. पारूबाई अजून सतराची आहे. तिने पाट लावून दुसरे घर करावे. ही माझी इच्छा, परवानगी नव्हे. परवानगी देणारा मी कोण? पाट लावला म्हणून रान परत मागण्याचा हक्क भावकीला नाही. तिने मला पाणी पाजले, माश्या वारल्या आणि एकदाही "बरं वाटायलंय का" असे विचारून मला खोटे बोलायला लावले नाही. पारू, मला मरायचं न्हाई. मला लय जगायचं हाय. पण जगायला जोर लागतो, अन् तोच न्हाई गं.

६. साक्षीला मास्तर आणि मामाच हवेत. आई दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. मामांनी सही केली नाही तर माझी राख सावडायच्या आत पारू रस्त्यावर येईल. मामा, पाया पडायला उठता येत नाही, पडलो असे समजा. सही करा. मला आता टेकूनही बसवत नाही.

सातवीपर्यंत शिकलो, पण हातात लेखणी ठरत नाही. म्हणून अंगठा.

चंद्रभान राधाकिशन कच्छवे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
मुक्काम चुडावा, दिनांक ९ फेब्रुवारी १९५८.

साक्षीदार :
१. दिनकरराव, शाळामास्तर, चुडावा. लिहिणारही मीच. सही.
२. सूर्यभान, मुलाचा मामा. "कलम तीन छबूच्या देखत वाचून घेतलं. खरं हाय. म्या धरलं व्हतं." सही.

लिहिणाऱ्याची नोंद : कायद्याला दोन साक्षी पुरतात. परंतु हे ऐकून छबूबाई चुलीपासून उठून आल्या आणि कोणी न मागता तिसऱ्या साक्षीचा अंगठा त्यांनी दिला. अंगठ्याला शाई सुनेने लावली.