जाडीच्या पानांवरचे डाग

१४ जून

पानांवर डाग कशाने पडतात? मला माहीत नाही. वनस्पतिशास्त्राची पदवी हातात आहे, घरातली पहिलीच — आणि खिडकीतल्या एका कुंडीपुढे मी गप्प!

जाडीला डाग पडलेत. जाडी म्हणजे माझी एचेवेरिया. जाड निळसर पानांचं फूलच जणू, आणि प्रत्येक पानावर पिठासारखी पांढरी भुकटी. कॉलेजात गळून पडलेलं एक पान रुमालात गुंडाळून आणलं होतं, त्याची ही एवढी झाली. आता कडेच्या पानांवर गोल, हिरवट, चकचकीत डाग. दोन-तीन तर तपकिरी पडलेत.

बाबा कामावरून आले, बूट काढता काढता म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट काय म्हणतोय?" मी हसले. पुढच्या महिन्यात एम.एस्सी.साठी दुसऱ्या गावी जायचंय. खिडकीतली सगळी झाडं आईच्या हवाली करायची. आजारी झाड कसं सोपवू?

१५ जून

बुरशीच असणार. तांब्याचं औषध आणलं, फवारलं. जाडीला बाकीच्यांपासून दूर, स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवलं. धाकटी बहीण म्हणाली, "अरेरे, वाळीत टाकलं बिचारीला!"

१८ जून

जाडीवर नवा डाग नाही. जिंकले!

२० जून

कसली जिंकले! आता मोठ्या खिडकीतल्या दुसऱ्या दोघींना डाग. लागण!

घर डोक्यावर घेतलं. धाकटीला विचारलं, हात लावलास का? "मी? तुझी पोरं तुलाच लखलाभ, ताई. मला माझी उष्टी भांडी पुरतात." आई शिलाई मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, ती झाडं आहेत, चोर नाहीत. ओरडू नकोस त्यांच्यासमोर."

त्या मोठ्या खिडकीलाच तिचं मशीन आहे. पडदे, अभ्रे, लोकांच्या पॅन्टची उंची कमी करून देणं. माझी सगळी फी या मशीनमधून आली. हल्ली तिने ते अगदी काचेला चिकटवलंय. म्हणते, वारा येतो.

२१ जून

कॉलेजातल्या मॅडमकडे गेले. खरं तर लाज वाटत होती, पण त्या हसल्या नाहीत. स्वतःचं भिंग काढून दिलं. "जाताना घेऊन जा, परत देऊ नकोस." माझ्या वाट्याला अशी माणसं येतात, याचं मी काय करू?

म्हणाल्या, औषध आधी बंद. डाग कशाचे *नाहीत* ते आधी ठरव.

२२ जून

दिवसभर भिंग. बुरशी असती तर डाग पसरला असता, भोवती पिवळी कड असती. तशी नाही. जिवाणू असते तर पान पाणचट होऊन वास आला असता. नाही. पाणी जास्त झालं तर पानाखाली खरखरीत पुळ्या येतात. त्याही नाहीत. पिठ्या ढेकूण ही कीड नाही, तिचे कापसासारखे पुंजके नाहीत.

डागाच्या जागी फक्त भुकटी नाहीये! पान धडधाकट. पुसलं गेलंय, बस. ती भुकटी म्हणजे पानाची छत्री. ती गेली की तिथे ऊन लागतं आणि पान तपकिरी पडतं. एकदा गेलेली भुकटी त्या पानावर परत येत नाही.

म्हणजे रोग नाहीच. कुणीतरी हात लावतंय. डाग फक्त खोलीच्या बाजूच्या पानांवर, प्रत्येक पानाला वरून एक, खालून एक. माझा अंगठा ठेवून पाहिला. बरोब्बर मावला.

चिमटा!

२३ जून

आज दुपारी पलंगावर पडून वाचत होते. आईला वाटलं झोपले. मशीन थांबलं. तिने हात पुढे केला, कुंडीची कड चाचपली, मग पान. अंगठा आणि बोटात धरून हळूच दाबलं. पुढचं पान. पुढची कुंडी. दाबताना ती झाडाकडे बघतच नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

उठून ओरडणारच होते. आणि आठवलं — मीच तिला शिकवलं होतं, "माती फिकी दिसली, पानाला सुरकुती दिसली, की मगच पाणी." *दिसली.*

जवळ जाऊन विचारलं, "आई, या कुंडीतली माती कशी दिसते गं?"

"दिसते की. मातीसारखी."

त्या कुंडीत मी कालच पांढरे खडे पसरलेत.

मग सगळं एकामागून एक. काचेला चिकटवलेलं मशीन, आणि जाडीची जुनी जागा अगदी त्याच्या शेजारी. धाकटीला सारखं "सुई ओवून दे, जरा कामाला लाग." काळं कापड शिवायला महिनोन्महिने घेतलेलं नाही. मी रोज या घरात होते! भिंग लावून पान बघत होते, आणि पान दाबणाऱ्या बाईकडे नाही.

"कधीपासून?" म्हटलं. तर म्हणे, "तू एकदा गेलीस की डोळे दाखवणारच होते. तुझ्या जाण्यात खोडा कशाला? आणि झाडं मरू नयेत म्हणून दाबून बघते गं. मऊ लागलं की पाणी. चुकलं का?"

नाही चुकलं. पान मऊ झालं की पाणी, हेही पुस्तकात आहेच. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "अगं, मशीनचं तेल लागेल केसांना."

२४ जून

मोतीबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टरीणबाई — खऱ्या — म्हणाल्या, बरं होणारं आहे, फक्त फार अंगावर काढलंत. एक डोळा याच आठवड्यात, दुसरा पुढे. बरं होणारं! येताना रिक्षात बाबांनी आईचा हात सोडला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

२५ जून

सांगून टाकलं — मी यंदा जात नाही. डोळ्यांत थेंब कोण घालणार, घर कोण बघणार?

आई म्हणाली, "बरं. मग माझा डोळाही यंदा नाही." आणि अभ्रा शिवायला घेतला. उलटा!

धाकटी आतून ओरडली, "मी काय भिंतीवरची पाल आहे का? थेंब मला घालता येतात!"

खरंच कळत नाहीये. आपण नसलो तर घर कोसळेल असं मला वाटतं, हे प्रेम की घमेंड?

२८ जून

ऑपरेशन झालं. नीट झालं. कुणाकुणाचे आभार मानू — डॉक्टरीणबाई, आईला शाल पांघरणारी ती परिचारिका, रजा मागायला कधी तोंड न उघडणारे आणि आज उघडलेले बाबा.

२९ जून

पट्टी काढली. घरी येऊन आई खिडकीशी बसली. आधी माझ्याकडे पाहिलं. "किती वाळलीस गं!" मग धाकटीकडे. "आणि तू हे कानात काय घातलंयस?" मग कुंड्यांकडे. बराच वेळ. हात पाठीमागे धरून.

"अगंबाई! किती डाग पडलेत यांना! औषध दे की काहीतरी. शिकलीस ना एवढी?"

धाकटी हसून हसून जमिनीवर. डाग तिच्याच बोटांचे, हे मी आईला सांगितलं नाही. थेंब धाकटीनेच घातले. माझ्याहून हलका हात आहे तिचा.

९ जुलै

शेवटी आलेच. नव्या गावातली खोली लहान, खिडकी मोठी. सगळी झाडं आईकडे ठेवली. फक्त जाडी उचलून आणली, कुणालाही न विचारता. उन्हाकडे तिची कोरी पानं केलीत. डागांची बाजू माझ्या उशीकडे.