राखाडी सिलिकॉन

४ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी लिहिलं ते चूक आहे. खोडत नाही, इथे दुरुस्त करते. टॅक्सीच्या इंजिनात सापडलेले तुकडे काळे नव्हते. राखाडी होते.

काळे लिहिले कारण ते जळक्या तेलात माखलेले होते आणि शेडमध्ये उजेड कमी होता. — हेही पूर्ण खरं नाही. ते काळे असावेत असं मला वाटत होतं, म्हणून काळे दिसले. सांधे बंद करायला काळं सिलिकॉन सगळीकडे वापरतात. राखाडी फक्त आपल्या गॅरेजमध्ये.

आज तुकडे धुऊन उन्हात कागदावर मांडले. राखाडीच. गांडुळांसारखे, लांबट, मऊ. तेलाच्या चेंबरच्या कडेला सिलिकॉन गरजेपेक्षा जास्त लावलं की बोल्ट आवळताना ते आत सरकतं. आत वाळतं, गरम तेलाने सुटतं, आणि तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जी जाळी असते तिच्यावर जाऊन बसतं. मग तेल वर चढत नाही. बेअरिंग कोरडं घासत राहतं.

टॅक्सीवाला म्हणाला, "चढावर एकदम खडखड झाली आणि गाडी जागच्या जागी जाम! मागे ट्रक होता, ताई. कसा थांबला त्याचं त्याला माहीत."

काकाने त्याला विचारलं, "मधे दुसरीकडे कुठे चेंबर उघडलंत का?"

"नाही हो."

"आठवून बघा नीट."

तो बिचारा खरंच आठवत बसला! मला मान वर करवेना. डिसेंबरात ते चेंबर बाबांनी लावलं होतं. मी तेव्हा तापाने घरी होते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सबंध दिवस एकच विचार. बाबा? बाबांकडून?

मला हे सगळं बाबांनीच शिकवलं. शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी मला इंजिनच्या सांध्यांत घालायच्या पॅकिंगचे प्रकार पाठ होते. जेवायच्या टेबलावर दोन स्टीलच्या ताटल्या घ्यायचे, एकीच्या काठावर टूथपेस्टची रेघ ओढायचे आणि दुसरी मी वरून दाबायची. "आता बघ. बाहेर किती आली?" "एवढीशी." "मग आतही एवढीशीच गेली. बाहेरचं पुसता येतं. आतलं कोण पुसणार?" आई म्हणायची, दात घासायला ठेवा थोडी!

मग एकेक कळत गेलं. हेडच्या पॅकिंगला काही लावायचं नाही, ते कोरडंच बसतं. कागदाच्या पॅकिंगला नुसता बोटाचा पुसट हात. पत्र्याच्या चेंबरला सिलिकॉन, काडीइतकी बारीक रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगाने. आणि गिअरबॉक्सच्या दोन अर्ध्या भागांमध्ये लाल पेस्ट. ती मला सगळ्यात आवडायची. हवा लागते तोवर ती ओलीच राहते, दोन धातूंमध्ये कोंडली की मगच धरते. त्यामुळे जास्तीची आत गेली तरी वाळत नाही, तेलात मिसळून जाते. लहानपणी मला वाटायचं, बाबांनीच शोधून काढली असावी.

आणि रेघ ओढायच्या आधी बाबा डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचे. जुन्या पॅकिंगचा कण राहिला असला, ओरखडा असला, तरी थांबायचे. "इथे." मला भिंगातून बघितल्यावर दिसायचा.

त्या माणसाने गांडुळाएवढं सिलिकॉन आत जाऊ दिलं?

६ फेब्रुवारी, बुधवार

विचारायचं होतं. विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

व्हॅनवाल्या मावशींचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही खाली उतरवलेलं आहे. ही व्हॅन शाळेची मुलं नेते, टेकडीवरच्या वस्तीतून खाली आणि परत वर. आज बाबांनी इंजिनचं चेंबर लावलं. मी मुद्दाम जवळ उभी राहिले.

बोट फिरवलं नाही. नुसतं बघितलं. मग ट्यूब दाबली — करंगळीएवढी जाड रेघ! वळणावर तर आणखी एक थर.

"बाबा, जास्त होतंय."

"होऊ दे. गळण्यापेक्षा बरं."

"पण आत..."

"तू मला शिकवणार?"

काका पलीकडून म्हणाला, "इन्स्पेक्टरबाई, पाहणी झाली असेल तर चहाचं बघा!" बाबा हसले. मीही हसले. काय करणार? लगेच बोल्ट आवळले त्यांनी. बाहेर ओघळ आला, तो त्यांनी चिंधीने पुसला. जितका पुसला तितकाच आत गेला असणार.

दुपारी भलतंच झालं. काकाने सायलेन्सरचा पाइप वेल्डिंग करून बाजूला ठेवला होता. बाबांनी तो उचलला. नुसत्या हाताने. उचलून चालायला लागले. मला वास आला आधी. ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि मग पाइप टाकला. बघितल्यावर टाकला — हे मला दिवसभर डोळ्यांसमोरून हलवता येत नाहीये. बोटांना फोड आलेत. म्हणतात, "हाताला घट्टे आहेत गं. मेकॅनिकचा हात आहे, काय लोणी आहे?"

९ फेब्रुवारी, शनिवार

आईने मलम लावताना मी दाराशी उभी होते. बाबा गेल्यावर विचारलं, "आई, त्यांना हाताला कळत नाही का?"

आईने मलमाचं झाकण खूप वेळ लावलं. मग म्हणाली, "शर्टाची बटणं मीच लावते. सहा महिने झाले असतील. तुला सांगू नको म्हणाले."

"साखर?"

"तपासली. काही नाही. वय झालं, म्हणतात."

बाबा अजून साठीलाही आलेले नाहीत!

म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. कड हाताला लागत नाही, साफ झाली की नाही कळत नाही, म्हणून भीतीने जास्त लावतात. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याला हे ऐकून हायसं वाटलं असतं. मला नाही वाटलं. व्हॅनचं चेंबर तसंच लागलेलं आहे. मावशींचा दुपारी फोन आला, "झालं का गं? भावाच्या गाडीत कोंबून नेतेय पोरांना. एक पोरगी तर रोज माझ्या मांडीवर ओकते." मी म्हणाले, एक पार्ट यायचा आहे. कुठलाही पार्ट यायचा नाही. सरळ खोटं बोलले.

चेंबर उघडलं तर बाबांना कळेल की मी त्यांचं काम तपासलं. नाही उघडलं तर तोच चढ, आणि मागे ट्रकच्या जागी कोण असेल कोण जाणे.

१० फेब्रुवारी, रविवार

बाबा आणि आई आत्याकडे गेले होते. उघडलं.

आत कडेने राखाडी झालर लोंबत होती. बोटाने ओढली तर वीतभर निघून आली. आणखी दोन-तीन ठिकाणी सुटत आलेली. इंजिन सुरूही झालेलं नाही अजून!

जुनं सगळं खरवडलं. मग पुसलं. धूळ नको म्हणून नेहमीसारखं मागच्या खोलीत दार लावून बसले. हे नवं थिनर भराभर उडतं, मागे चिकटपणा ठेवत नाही. गेल्या वर्षी बाबांनीच शोधून आणलं, मोठ्या डब्यातलं. एकदा पुसून माझं समाधान होत नाही. तीन-तीनदा पुसलं, चिंधी बुचकळून बुचकळून. उठले तेव्हा डोकं जड होतं, जिन्यावर तोल गेला. मनाला लावून घेतलं म्हणून असेल.

काडीइतकी रेघ ओढली. चेंबर लावलं. बाहेर सगळीकडे सारखी, दोऱ्यासारखी कड आली. छान बसलंय. आनंद मात्र काडीचा झाला नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

बाबांनी आल्या आल्या इंजिनकडे बघितलं. नजर अजून तीच आहे. खाली वाकले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कड बघितली. मी पाने पुसत होते. आधीच पुसलेले.

मग एप्रन काढला, खिळ्याला अडकवला आणि बाहेर टायरवर जाऊन बसले. काका माझ्याकडे बघून पुटपुटला, "केलंस ना? मला सांगायचं होतंस. मी माझ्या अंगावर घेतलं असतं." काका एरवी कशाचीही थट्टा करतो. आज नाही केली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आज आलेच नाहीत. आई म्हणते, झोपलेत. झोपलेले नव्हते.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज आले. गिअरबॉक्स जोडायचा होता. बाबांनी लाल पेस्टची ट्यूब माझ्यापुढे ठेवली आणि पाठ करून उभे राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, एक दिवस ते ही ट्यूब माझ्या हातात देतील. अशी नको होती.

दोन्ही भाग मीच पुसले, मीच जोडले. दोनदा ट्यूब हातातून सटकली. काका म्हणाला, "घाबरतेस काय, तो काय चावणार आहे?"

तेवढ्यात टॅक्सीवाला त्याचं इंजिन बघायला आला. काकाने सुरुवात केली, "तुम्ही आठवलंत का, मधे कुठे..." बाबा मागे वळून म्हणाले, "दुसरीकडे कुठे नाही. मी केलं ते. चूक माझी आहे." टॅक्सीवाला म्हणाला, "जाऊ द्या, दादा." ते ऐकून बाबांचा चेहरा जास्तच उतरला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हॅन गेली. मावशी स्वतः चालवत घेऊन गेल्या, वर जाऊन परत खाली आल्या आणि खिडकीतून हात हलवला. तेलाचा दाब बरोबर, गळती नाही.

संध्याकाळी शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. बाबा आपण होऊन बोलले.

"तू उघडलंस ते बरंच केलंस."

मी म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतं तुम्हाला."

"मलाही सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? बोटाखाली कड आहे की नाही तेच कळेना. मग म्हटलं, जास्त लावू, निदान गळणार तरी नाही. एक केलं, दोन केली... आणि तुला सांगितलं असतं तर तू जेवण सोडलं असतंस." मग हातांकडे बघत म्हणाले, "पाय पण तसेच झालेत. चप्पल निघून गेली तरी समजत नाही."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"वयाला कुठे औषध असतं?"

मला सांगायचं होतं: बाबा, तुमचे हात आता इंजिनचं चेंबर लावायला नकोत. शब्द तयार होते. पण ते फोड आलेले हात समोर होते. नाही सांगता आलं. रविवारी सांगेन. मलाच सांगायला हवं, दुसऱ्या कोणाकडून त्यांना ते ऐकवणार नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आई किंचाळली. फरशीवर रक्ताची पावलं. माझी! उजव्या पायाच्या अंगठ्यात पत्र्याची कपची, चांगली आत रुतलेली. कधी घुसली माहीत नाही. आईने उपटली तेव्हाही काही नाही. मग डोळे मिटले आणि तिला म्हटलं, एकेक बोट दाब. वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, "दाब ना!" ती म्हणाली, "अगं, कधीची दाबतेय!"

मला काही वय झालेलं नाही. आणि काका आमच्याच शेडमध्ये असून ठणठणीत आहे, तो पुसायच्या कामाला हात लावत नाही. दार लावून, उघड्या हातांनी, त्या थिनरमध्ये कडा पुसत बसणारे आम्ही दोघंच.

उद्या ते वाक्य म्हणणार नाही. पाय दाखवणार. सोमवारी, १८ तारखेला, दवाखाना उघडल्याबरोबर बाबा आणि मी. थिनरचा डबाही बरोबर नेणार.