पपांच्या उजव्या हाताची जागा

मी, समीक्षा अर्जुनराव खंडागळे, वय ३१ वर्षे, व्यवसाय खासगी जमीन मोजणी, राहणार धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण केवळ माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा अशी माझी अपेक्षा नाही. मीही कोणाच्या ठेवत नाही.

२४ नोव्हेंबरला छत्रपती संभाजीनगर येथे माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन आहे. शंभरातले तीन रुग्ण टेबलावरून उठत नाहीत, असे मी विचारल्यावर सर्जननी सांगितले. न विचारता सांगितले नव्हते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घरात फक्त अन्नपूर्णाबाई आहेत आणि त्या अंगणात मेथी निवडत आहेत. मी काय लिहिते आहे हे त्यांनी विचारलेले नाही. याचीही मी नोंद घेतली आहे.

१. पपा गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात, ११ सप्टेंबर २०२२ रोजी, मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द करते. त्यात मी राहते घर चुलतभाऊ हर्षल याला दिले होते. हर्षलवर माझा जीव होता म्हणून नव्हे, तर घर अन्नपूर्णाबाईंना मिळू नये म्हणून.

२. अन्नपूर्णाबाई या माझ्या वडिलांच्या दुसऱ्या पत्नी. माहेर उंद्री, तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्याच. माझी आई मी सोळा वर्षांची असताना वारली. चार वर्षांनी पपांनी यांच्याशी लग्न ठरवले, तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. घर आधी बक्षीसपत्राने माझ्या नावावर करा, मगच मी लग्नाला येईन, अशी अट मी घातली. पपा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ते घर त्यांनी एकेक खोली वाढवत बांधले होते. त्यांनी सही केली. नवऱ्याने बांधलेल्या पण सावत्र मुलीच्या मालकीच्या घरात अन्नपूर्णाबाई अकरा वर्षे राहत आहेत. अट कोणी घातली हे त्यांना माहीत आहे.

हे घर, मोकळ्या जागेसह, मी अन्नपूर्णाबाईंना हयातभर राहण्यासाठी देते. त्यांच्या पश्चात ते मंडळीकडे जावे आणि दवाखान्यासाठी बाहेरून येणाऱ्या कुटुंबांना उतरायला वापरावे. पहिल्या मसुद्यात या कलमाला सात अटी होत्या. भाडेकरू ठेवू नये, माहेरच्या माणसाला आठ दिवसांवर ठेवू नये, अशा. आता एकही नाही. का नाही, ते पुढे येईल.

३. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी लिहिणे भाग आहे. पपा गेल्यावर माझ्या लक्षात आले की तांदळाचा डबा हिशेबापेक्षा लवकर रिकामा होतो. दोन माणसे किती खातात हे मला माहीत होते. मी वजनकाटा आणला आणि सव्वीस दिवस डबा सकाळ-संध्याकाळ तोलला. रोज चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅम जास्तीचे जात होते. तांदूळ उंद्रीला जातो, असा मी निष्कर्ष काढला आणि त्यांची पिशवी कुठे जाते यावर नजर ठेवली.

पिशवी रविवारी उपासनेला जात होती. आमच्या मंडळीत बायका रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढतात आणि उपासनेच्या शेवटी एका पिंपात ओततात; ते गरजू घरांत वाटले जाते. मला रीत माहीत होती, पण मी शेवटच्या प्रार्थनेआधी निघून जाते. बाहेर लोक चौकशा करतात, ते मला आवडत नाही. त्या रविवारी थांबले, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी पिशवी ओतली आणि पाळकांनी देणाऱ्यांच्या यादीत ‘अर्जुनराव खंडागळे यांचे घर’ असे वाचले.

घरी आल्यावर मी म्हणाले, तुम्ही मला सांगायचं होतं.

त्या म्हणाल्या, “तू तोलून राह्यलती ना, माय. म्हटलं तोलू दे, तिचं मन तं भरंल.”

म्हणजे सव्वीस दिवस त्यांना ठाऊक होते. तरीही माझे मन भरले नाही. मंडळीत चांगले नाव व्हावे म्हणून त्या मूठ काढत असतील, असे मी धरून चालले. चांगल्या नावाचा त्यांना काय उपयोग, याचे उत्तरही माझ्याकडे तयार होते. ते कलम सहामध्ये आहे.

४. माझा उपग्रहावरून मोजणी करणारा जीएनएसएस रोव्हर, ट्रायपॉड, दोन टेप आणि लॅपटॉप माझी वर्गमैत्रीण अपेक्षा हिला द्यावा. ती बुलढाण्यात हेच काम करते. रोव्हरचा खांब तीन मिलिमीटरने वाकडा आहे, तेवढी दुरुस्ती तिने प्रत्येक मोजणीत धरावी. बाई मोजणार असेल तर मोजणी मान्य नाही, असे म्हणणारे ज्यांच्या शेताचे धुरे, म्हणजे बांध, सरकलेले असतात तेच असतात, हे तिला वेगळे सांगायला नको.

बँकेत जे काही असेल त्यातून दवाखान्याचे देणे भागवून उरलेले अन्नपूर्णाबाईंना द्यावे.

५. हर्षल याला काहीही नाही. ऑपरेशनचे कळल्यावर त्याने फोन केला आणि म्हणाला, “ताई, काई टेन्शन घेऊ नको, सारं बरं होऊन जाईन. तो घराचा आठचा उतारा तेवढा कुठं ठेवला ते सांगून ठेव.” त्याचे वाईट वाटले नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्याला जे समजून घर दिले होते, तो तसाच आहे.

६. दफनभूमीतली जागा.

आमच्या मंडळीची दफनभूमी लहान आहे. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नाला. २०२३ च्या जानेवारीत पंचांनी मला तिची मोजणी करून नकाशा द्यायला सांगितले. उरलेल्या जागांवरून वाद होऊ लागले होते. मी मोबदला घेतला नाही. तेव्हा मंडळीने माझे आभार मानले, म्हणून पुढचे लिहिणे आवश्यक आहे.

माणूस मिळाला नाही म्हणून टेपचे दुसरे टोक धरायला अन्नपूर्णाबाई आल्या. त्यांनी टेप इतका ताणून धरला की झोळ पडला नाही. पपांच्या डावीकडे आईची कबर आहे, क्रमांक १७. पपांची १८. त्यांच्या उजवीकडे एकच जागा उरली होती, सात फूट बाय तीन फूट, क्रमांक १९. तिथे उभे राहून अन्नपूर्णाबाईंनी विचारले, “इथं एक जन मावंल ना?” मी आकडा लिहून घेतला आणि हो म्हणाले.

रीत अशी आहे की अशी जागा विधवेची. नकाशा काढताना मी क्रमांक १९ मध्ये माझे नाव लिहिले. मोजमापात एक इंचाची चूक नाही. कोणाची सही खोटी केली नाही. फक्त नाव माझे लिहिले आणि नकाशा गुंडाळून दिला. आईच्या शेजारी पपा आहेत, पपांच्या दुसऱ्या बाजूला परक्या बाईने येऊ नये, एवढाच माझा विचार होता. त्याला मी तेव्हा प्रेम म्हणत होते. जागांची यादी मंडळीत वाचली गेली त्या दिवशी मी मोताळ्याला मोजणीवर होते. कोणी हरकत घेतली नाही, असे मला कळवण्यात आले. अन्नपूर्णाबाई गप्प आहेत याचा अर्थ त्या वेळ काढत आहेत, तांदूळ देऊन पंचांना वळवत आहेत, असे मी समजून होते.

प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा करा, असे आमचे अविनाश पाळक दर महिन्याला सांगतात. मी इतरांची करत आले.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, पाळक म्हणाले की प्रभूला स्वतःची कबर नव्हती. एका माणसाने स्वतःसाठी खोदून ठेवलेली नवी कबर दिली. हे मी दर वर्षी ऐकते. या वर्षी वाटले की पाळक मलाच बोलत आहेत आणि त्यांना हे कोणीतरी सांगितले आहे. उपासना संपल्यावर मी त्यांना सरळ विचारले, अन्नपूर्णाबाई तुमच्याकडे येऊन काय बोलल्या.

ते आधी टाळत होते. मी हटले नाही, तेव्हा त्यांनी सांगितले. नकाशा वाचला गेला त्या दिवशी दोन पंचांनी हरकत घेतली होती. जागा बाईची आहे, पोरीचे नाव खोडा, असे म्हणाले होते. तेव्हा बायका बसतात तिथून अन्नपूर्णाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“खोडू नका. तिची माय गेली, बाप गेला, तिले जगात कोनी नाई. बापाजवळ राहू द्या तिले. मले कुठंबी चालंल. आन हे तिले सांगू नका, नाईतं तिले वाटंल मी उपकार करून राह्यली.”

मी पाळकांच्या शब्दावर थांबले नाही. दोन्ही पंचांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी गाठून विचारले. शालिग्रामकाकांना धाडच्या बाजारात आणि किसनरावांना त्यांच्या मळ्यावर. दोघांनी शब्दाला शब्द तेच सांगितले. यात अन्नपूर्णाबाईंचा फायदा काय, हे मी एप्रिलपासून शोधते आहे. घर माझे, जागा माझी, आणि उपकाराचे श्रेयही त्यांनी नको म्हटलेले. फायदा सापडला नाही. सापडला तो माझाच स्वभाव. मी सात महिने तो बदलावा म्हणून प्रार्थना केली आणि क्रमांक १९ मात्र तसाच ठेवला.

दफनाची जागा मंडळीची असते. ती मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, फक्त सोडता येते. शिवाय मेल्यावर सोडलेल्या घराची मला झळ लागणार नाही. या कागदातले बाकी सगळे देणे त्या जातीचे आहे. ही जागा मात्र मला दहा दिवसांत लागू शकते. म्हणून हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. आज सकाळी दोन्ही साक्षीदारांसमोर आणि पाळकांसमोर मंडळीच्या नकाशातले क्रमांक १९ मधले माझे नाव मी खोडले, खोडलेल्या जागी सही केली आणि ‘अन्नपूर्णाबाई अर्जुनराव खंडागळे’ असे लिहिले. ऑपरेशनमधून मी परत आले तरी ते तसेच राहील.

मला क्रमांक ३८ मध्ये ठेवावे. ती नाल्याकडची शेवटची जागा आहे. तिथे काळी माती आहे, पावसाळ्यात बसते. सिमेंटचा चौथरा बांधू नये, दोन वर्षांत तडकेल. दगडांची कड पुरे.

७. नकाशाचे मी आल्याबरोबर अन्नपूर्णाबाईंना सांगितले. त्या रागावल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“तुले कोनं सांगतलं खोडाले? दवाखान्यात जाच्या टायमाले असे धंदे करतं का कोनी?”

मी म्हणाले की ते तुमचे पती आहेत, जागा तुमची आहे.

“हाव, माह्या नवरा व्हय. पन तुह्या बाप पह्यले व्हय. त्यायले इचारलं असतं तं त्यायनं तुलेच बोलावलं असतं.”

मी म्हणाले की त्यांनी दोघींना बोलावले असते आणि जागा एकच आहे, म्हणून कोणीतरी मोजून ठरवायला हवे होते. यावर त्या हसल्या नाहीत. मेथीचे पातेले घेऊन अंगणात गेल्या.

म्हणून पंचांना आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या अपेक्षाला माझी स्पष्ट सूचना आहे. २४ तारखेला माझे काही बरेवाईट झाले, तर अन्नपूर्णाबाई पंचांकडे येतील, रडतील आणि पोरीला बापाजवळ ठेवा म्हणतील. त्यांचे ऐकू नये. त्या जागा पुन्हा सोडतील, याबद्दल मला कोणतीही शंका नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही केली. साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्यांना निवडण्याचे कारण तेच.

ठिकाण: धाड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही)
समीक्षा अर्जुनराव खंडागळे

लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) गोकुळ किसनराव सरोदे, शेती, रा. धाड
साक्षीदार २: (सही) अनुपमा मनोहर पारधे, शिक्षिका, रा. बुलढाणा