शेवेचा डबा आणि श्रावणी सोमवार

मंगळ. ५ ऑगस्ट
रिकामा डबा झाकण घट्ट लावून जागच्या जागी ठेवणे, या अपराधाला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त नाही, हवे होते. सकाळी चहाबरोबर शेव घ्यायला गेलो, आत फक्त वास. वार्ताहर या नात्याने चौकशी आरंभली. भांडी घासता घासता हिराबाई, "दादा, काल मी आलेच नाय. उगा माझं नाव नको." सौ., "तुम्हीच संपवली असेल, आणि विसरलात." मुक्ता पेपरात डोकं घालून. कन्या माझी बातमी इतकी मन लावून कधी वाचत नाही. नोंद घेतली.

गुरु. ७
मुक्ताचं कपाट उघडलं. ओढण्यांखाली फरसाण, बिस्किटं, केकची रिकामी पाकिटं, नीट घड्या घालून. पनवेलच्या डॉ. बाईंनी जूनमध्येच बजावलंय. हा हावरटपणा नव्हे, खायला लागलं की थांबता न येण्याचा आजार आहे. तीन वेळा जेवण, डाएट नको, कुलूप नको, पहारा नको. आणि मी...
संध्याकाळी ती, "बाबा, माझं कपाट उघडलंत?"
"इस्त्रीचे कपडे ठेवायला."
"कधीपासून?"

सोम. ११
मुक्ताने आजही उपास धरला. सौ. प्रसन्न. मी म्हणालो, "शाब्बास. याला म्हणतात संयम." रात्री पानं घेतली तर जेवलीच नाही. पोट दुखतंय म्हणे. राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा हलवून पाहिला. हलका.

बुध. १३
पनवेल. मीही आत बसलो. बाईंनी सोमवारचं विचारलं. मुक्ता चपलांकडे बघत म्हणाली, "चारपर्यंत काही खाल्लं नाही. मग थांबताच येईना. मागच्या सोमवारीही तेच."
बाई माझ्याकडे वळल्या. "डाएट नको म्हटलं होतं ना?"
"डाएट नाही हो, उपास..." डाएट नको, हे आमच्या घरी तिघांना पाठ. उपास त्यातच येतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. हिराबाईवर संशय घेतला, पोरीवर घेतला. शाबासकी देणारा मोकळाच.

सोम. १८
सकाळी तिघांनी पोहे खाल्ले. मीही उपास सोडला. सौ. देवापाशी बराच वेळ. हिराबाईंना म्हटलं, चुकलो. "असू दे दादा. पोरीला जेवाया घाला."
मुक्ता म्हणाली, "बाबा, त्या सोमवारनंतर काही झालं नाही. खरंच." मी "बरं" म्हणालो, आणि ती अंघोळीला गेल्यावर शेवेचा डबा हलवून पाहिला. भरलेला होता. तरी कपाटाकडे नजर गेलीच.
ती खोटं बोलेल, याची आता तितकी भीती वाटत नाही. ती खरं बोलते तेव्हाही माझा विश्वास बसत नाही, आणि ते तिला कळतं. मग ती मला का सांगेल?